गेटवे बरोबर आहे, तरी पलीकडचं नेटवर्क का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं अडत दुकान आहे. फायबरच्या राउटरवर हिशेबाचे दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, रेंज १९२.१६८.१ ची. मागच्या गोदामात कॅमेरे बसवले तेव्हा कॅमेरेवाल्याने तिथे दुसरा राउटर लावला, त्याची रेंज १९२.१६८.० ची. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि वजनकाट्याचा कॉम्प्युटर त्याच्यावर आहेत. काट्यावरून पुढच्या प्रिंटरवर पावती निघते, पण पुढच्या कॉम्प्युटरवरून एनव्हीआर उघडत नाही. कुणीतरी सबनेट मास्क २५५.२५५.०.० करायला सांगितला. तो केल्यावर पिंगचा (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते पाहणाऱ्या कमांडचा) संदेश बदलला, एनव्हीआर काही उघडला नाही. पुढे कुपवाड एमआयडीसीतलं कोल्ड स्टोरेजही जोडायचं आहे. आणि मुळात एका नेटवर्कमधलं यंत्र दुसऱ्या नेटवर्कपर्यंत पोहोचतं कसं, गेटवे नेमकं काय करतो, हेही विचारलं आहे.

आधी मास्क परत २५५.२५५.२५५.० करा. तो बदलून हे काम होणारच नव्हतं, आणि तसाच राहिला तर कुपवाड जोडताना वेगळाच घोळ होईल. असं का, ते कळलं की तुमचे बाकीचे प्रश्नही सुटतात. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

कुठल्याही यंत्राला, मग तो कॉम्प्युटर असो, प्रिंटर असो वा एनव्हीआर, एखाद्या पत्त्यावर पॅकेट, म्हणजे डेटाचं छोटं पुडकं, पाठवायचं झालं की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: हा पत्ता माझ्या नेटवर्कमधला की बाहेरचा? ते ठरतं मास्कवरून. नेहमीचा आयपी पत्ता (आयपीव्ही४) ३२ बिटांचा असतो, बिट म्हणजे ० किंवा १. मास्कमध्ये जिथे १ आहे तेवढे बिट नेटवर्कचे, जिथे ० आहे तेवढे त्या यंत्राचे. तुमचा पुढचा कॉम्प्युटर समजा १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे. कॉम्प्युटर स्वतःचे पहिले २४ बिट आणि समोरच्या पत्त्याचे पहिले २४ बिट ताडून पाहतो. प्रिंटर १९२.१६८.१.५०: जुळले, आपला. एनव्हीआर १९२.१६८.०.१००: तिसरा आकडा वेगळा, बाहेरचा. झाला निर्णय. केबल कुठून कुठे गेली आहे, गोदाम भिंतीपलीकडे आहे की कुपवाडला, याच्याशी कॉम्प्युटरला काही देणंघेणं नाही.

आणि हा मास्क त्या एका यंत्राचा स्वतःपुरता समज असतो. पॅकेटबरोबर तो जात नाही. राउटरला कळत नाही, समोरच्यालाही कळत नाही. तुम्ही मास्क बदललात तेव्हा नेटवर्क तेवढंच राहिलं. त्या कॉम्प्युटरला मात्र वाटायला लागलं, की १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते आपल्यातलेच आहेत.

पत्ता आपल्यातला निघाला तर कॉम्प्युटर त्याला थेट गाठतो. साध्या स्विचला (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्याला) आयपी पत्ते वाचता येत नाहीत. तो मॅक पत्त्यावर चालतो, नेटवर्क कार्डाबरोबर येणाऱ्या ४८ बिटांच्या आकड्यावर. म्हणून कॉम्प्युटर आधी त्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना विचारतो, "१९२.१६८.१.५० कोणाचा?" प्रिंटर उत्तर देतो, "माझा, आणि हा माझा मॅक." या पद्धतीला एआरपी म्हणतात. १९८२ साली आरएफसी ८२६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ती लिहिली गेली आणि आजही तुमच्या दुकानात तीच चालते. कमांड प्रॉम्प्टवर 'एआरपी -ए' टाका, कॉम्प्युटरला सध्या कोणाकोणाचे मॅक माहीत आहेत त्याची यादी येते. ही विचारणा स्विचमधून सगळीकडे जाते, पण राउटरपाशी थांबते. राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही.

पत्ता बाहेरचा निघाला तर कॉम्प्युटर समोरच्याचा मॅक विचारतच नाही. तो गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दारावरच्या राउटरचा, मॅक विचारतो. हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. समजा तुम्ही ८.८.८.८ ला पिंग केलं. तारेवरून जाणाऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे आवरणासकट पॅकेटमध्ये, चार पत्ते असतात. आतल्या पॅकेटवर पाठवणारा १९२.१६८.१.२० आणि घेणारा ८.८.८.८. बाहेरच्या आवरणावर पाठवणारा म्हणून तुमच्या कार्डाचा मॅक आणि घेणारा म्हणून फायबर राउटरचा मॅक. आता यात १९२.१६८.१.१ हा गेटवेचा आयपी शोधा. तो कुठेच नाही. सेटिंगमध्ये तुम्ही जो गेटवे टाकता तो एवढ्याचसाठी, की कॉम्प्युटरला त्याचा मॅक विचारता यावा. पुढे प्रत्येक राउटर बाहेरचं आवरण काढतो, आतला घेणारा पाहतो आणि पुढच्या टप्प्याचे मॅक घालून नवं आवरण चढवतो. यार्डातून दिल्लीला निघालेल्या हळदीच्या पोत्यावर दिल्लीच्या पेढीचा मार्का असतो. वाटेत गाडी बदलली तरी मार्का तोच राहतो. आयपी पत्ता म्हणजे तो मार्का, आणि मॅक म्हणजे त्या टप्प्यापुरती गाडी.

यातूनच एक नियम निघतो: गेटवे नेहमी यंत्राच्या स्वतःच्या नेटवर्कमधलाच हवा. १९२.१६८.१.२० या कॉम्प्युटरला गेटवे म्हणून १९२.१६८.० चा पत्ता दिला तर त्याचा मॅक विचारणार कुठे? विंडोज अशा वेळी इशारा देतं, की हा गेटवे तुमच्या सबनेटमधला नाही, तरीही जतन करायचं का? घाईत आपण 'येस' दाबतो. एनव्हीआरच्या मेनूत असा इशारा मिळेलच असं नाही, म्हणून तिथे हा घोटाळा जास्त सापडतो. गेटवेची जागा रिकामी असेल तर ते यंत्र आपल्या नेटवर्कमध्ये उत्तम चालतं, बाहेरचा पत्ता आला की गप्प होतं. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गेटवे तपासत बसू नका. त्या यंत्राला डीएचसीपीकडून (राउटरमधल्या आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विचचा पोर्ट किंवा राउटर बघा.

आता राउटरकडे वळू. राउटरजवळ एक तक्ता असतो: कुठलं नेटवर्क कुठल्या पोर्टाला, कुणामार्फत. पॅकेट आलं की त्यातल्या घेणाऱ्याच्या पत्त्याला जी ओळ सगळ्यात नेमकी लागू पडते तिच्याप्रमाणे तो पाठवतो. कुठलीच नेमकी ओळ लागली नाही तर शेवटची ०.०.०.० ची ओळ, म्हणजे डिफॉल्ट रूट. तसाच लहानसा तक्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्येही असतो, 'राऊट प्रिंट' टाकलं की दिसतो. (लॅनची केबल लावलेली असताना मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडला, की तिथे ०.०.०.० च्या दोन ओळी येतात आणि ज्या ओळीचं मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तिच्यावरून नेट जातं. सौद्याच्या गडबडीत नेट हळू झालं म्हणून हॉटस्पॉट जोडला आणि मग नेमकं कुठून चाललंय ते कुणालाच कळेना, असं होतं ते यामुळे.)

तुमच्या फायबर राउटरच्या तक्त्यात कामाच्या दोनच ओळी आहेत. १९२.१६८.१ चं नेटवर्क माझ्या लॅनला जोडलेलं, आणि बाकी सगळं नेट पुरवणाऱ्या कंपनीकडे. मागच्या गोदामात १९२.१६८.० चं नेटवर्क आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याच्या लेखी तिथे १९२.१६८.१.३० नावाचं एक यंत्र आहे, बस. तो मागच्या राउटरच्या वॅन पोर्टाचा पत्ता (वॅन म्हणजे राउटरची बाहेरची बाजू, लॅन म्हणजे आतली). त्याच्या पाठीमागे काय दडलंय, ते त्याला दिसत नाही.

म्हणून मास्क बरोबर असताना काय होत होतं ते बघा. कॉम्प्युटर म्हणाला, १९२.१६८.०.१०० बाहेरचा. पॅकेट १.१ कडे, म्हणजे १९२.१६८.१.१ या गेटवेकडे, गेलं. फायबर राउटरने तक्ता पाहिला, ओळ सापडली नाही, डिफॉल्टप्रमाणे पॅकेट कंपनीकडे ढकललं. म्हणजे मागच्या गोदामात जायला निघालेलं पॅकेट फायबरवरून सांगलीबाहेर गेलं. १९२.१६८ हे खासगी पत्ते आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.० पासूनचा मोठा गट, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन गट आतल्या वापरासाठी राखून ठेवले. जगभरच्या लाखो दुकानांत तेच पत्ते असल्याने इंटरनेटवर ते फिरवत नाहीत. कंपनीकडे पॅकेट टाकून दिलं गेलं आणि तुम्हाला 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' दिसलं.

मास्क २५५.२५५.०.० केल्यावर कॉम्प्युटरला तोच पत्ता आपल्यातला वाटला. त्याने गेटवेकडे पॅकेट दिलंच नाही. "१९२.१६८.०.१०० कोणाचा?" असं स्वतःच विचारत बसला. ती विचारणा मागच्या राउटरच्या वॅन पोर्टापाशी थांबली, एनव्हीआरपर्यंत गेलीच नाही. उत्तर आलं नाही, म्हणून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. ती ओळ पुन्हा नीट वाचा, 'रिप्लाय फ्रॉम' च्या पुढे पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा असेल, १९२.१६८.१.२०. म्हणजे 'मॅक सापडला नाही' असं तुमचाच कॉम्प्युटर तुम्हाला सांगतोय, पॅकेट तारेवर गेलंच नाही. याच संदेशात पुढे राउटरचा पत्ता असता तर अर्थ वेगळा झाला असता: पॅकेट त्या राउटरपर्यंत गेलं आणि त्याला पुढची वाट माहीत नव्हती. पिंगमध्ये संदेशाइतकंच तो कोण देतोय ते महत्त्वाचं. बहुतेक जण तेवढंच सोडून बाकीचं वाचतात.

मग उलट बाजूने, काट्याच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या प्रिंटरवर पावती कशी निघते? मागच्या राउटरला दोन्ही नेटवर्क माहीत आहेत: १९२.१६८.० त्याच्या लॅनला, १९२.१६८.१ त्याच्या वॅनला. काट्याचा कॉम्प्युटर समजा १९२.१६८.०.१५. त्याने १.५० साठी पॅकेट दिलं की मागचा राउटर ते थेट प्रिंटरकडे पाठवतो. जाताना मात्र एक बदल करतो. पाठवणारा म्हणून असलेला ०.१५ पुसून तिथे स्वतःचा १.३० घालतो, आणि कुठल्या पोर्ट क्रमांकावरचं (हा तारेचा पोर्ट नव्हे, संवाद ओळखण्याचा क्रमांक) उत्तर कुणाला द्यायचं ते टिपून ठेवतो. याला नॅट म्हणतात. प्रिंटरला वाटतं काम १.३० ने दिलं. तो पत्ता त्याच्या नेटवर्कमधलाच, त्यामुळे उत्तर सरळ जातं. राउटर आपली नोंद पाहतो आणि उत्तर ०.१५ ला देतो.

समजा नॅट नसतं. प्रिंटरला पाठवणारा १९२.१६८.०.१५ दिसला असता. तो त्याला बाहेरचा, म्हणून उत्तर गेटवेकडे, १.१ कडे. आणि १.१ ने ते कंपनीकडे ढकललं असतं, तुमच्या पिंगसारखंच. काम प्रिंटरपर्यंत पोहोचायला निघालं असतं, उत्तर मात्र कधीच आलं नसतं. तुमची पावती निघते, कारण नॅटने परतीचा प्रश्न झाकून टाकला आहे.

या सगळ्यातली कळीची गोष्ट हीच आहे. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोहोचायचं तर पॅकेटला दोन वाटा लागतात, जायची आणि यायची, आणि दोन्ही स्वतंत्रपणे ठरतात. जाताना पाठवणाऱ्याचा मास्क, त्याचा गेटवे आणि वाटेतल्या राउटरांचे तक्ते. येताना समोरच्याचा मास्क, समोरच्याचा गेटवे आणि तक्ते पुन्हा पहिल्यापासून. आलेल्या वाटेनेच उत्तर परत जाईल असं कुणी कुणाला बांधून दिलेलं नाही. तुम्ही सगळी शोधाशोध पुढच्या कॉम्प्युटरवर करताय, पण निम्मी सेटिंग्ज एनव्हीआरमध्ये आहेत.

तेव्हा तिथेही बघा. काट्याच्या कॉम्प्युटरवरून एनव्हीआर उघडतो, म्हणून त्याचं नेटवर्क ठीक आहे असं धरू नका. ते दोघे एकाच नेटवर्कमधले, त्यांना गेटवे लागतच नाही. एनव्हीआरमध्ये गेटवेच्या जागी १९२.१६८.१.१ लिहिलेलं असू शकतं, कारण बसवताना 'नेटचा राउटर तो' म्हणून तोच टाकला जातो. पण १९२.१६८.० मधल्या यंत्राला तो सापडणं शक्य नाही. उद्या पुढची वाट कितीही दुरुस्त केलीत, तरी पॅकेट एनव्हीआरपर्यंत जाईल आणि उत्तर तिथेच अडकेल. तुम्हाला पुन्हा तेच 'टाइम्ड आऊट'. हा दोष सापडायला सगळ्यात अवघड असतो, कारण ज्या यंत्रावर आपण बसलोय त्यावर चूक काहीच दिसत नाही.

आता दुरुस्ती. तुमच्या दुकानासाठी माझा सल्ला असा: मागच्या राउटरचं राउटिंगच बंद करा, त्याला नुसता स्विच आणि वायफाय म्हणून वापरा. सगळं १९२.१६८.१ मध्ये आणा. एवढ्याशा जागेत दोन नेटवर्क ठेवून काही मिळत नाहीये. 'कॅमेऱ्यांच्या भाराने हिशेब हळू होईल' अशी भीती घातली जाते, पण स्विच एका यंत्राचा डेटा फक्त ज्याला हवा त्याच पोर्टाला देतो. कॅमेऱ्याचं चित्र एनव्हीआरकडे जाताना हिशेबाच्या कॉम्प्युटरची तार अडवत नाही.

काही राउटरांत 'एपी मोड' (राउटिंग बंद, नुसतं वायफाय आणि स्विच) असं तयार बटण असतं. असेल तर तेच वापरा. नसेल तर हाताने करायचं, पण क्रम पाळा. आधी एनव्हीआरमध्ये जाऊन आयपी १९२.१६८.१.१००, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ टाका. जतन केल्याबरोबर तो काट्यावरून दिसेनासा होईल, घाबरू नका. मग मागच्या राउटरच्या वॅन पोर्टातली केबल काढा. हे आधी करायचं, कारण वॅनला १९२.१६८.१ चा पत्ता असताना लॅनला तीच रेंज देऊ गेलात तर बहुतेक राउटर नकार देतात. त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, त्याचा डीएचसीपी बंद करा. सगळ्यात शेवटी पुढून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. डीएचसीपी बंद न करता केबल लावलीत तर एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे होतील आणि मागच्याकडून पत्ता मिळालेली यंत्रं १.२ ला गेटवे समजून अडकतील. तेही रोज वेगवेगळी यंत्रं, कारण आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतला जातो. १.२ आणि १.१०० हे पत्ते फायबर राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या बाहेरचे आहेत ना, तेही बघून घ्या. नसतील तर ती रेंज आवळा.

कॅमेरे वेगळे ठेवायचेच असतील, तर त्याला कारण आहे आणि ते मला पटतं. एनव्हीआरची फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सहसा कुणी अपडेट करत नाही, आणि गोदामाच्या वायफायवर हमालांचे, ड्रायव्हरांचे मोबाइल येतात. पण तुमची आजची रचना या कारणासाठी अगदी उलटी आहे. आत्ता गोदामातलं कुठलंही यंत्र नॅटमधून तुमच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत येऊ शकतं, तुम्ही मात्र तिकडे जाऊ शकत नाही. जे जपायचं ते उघडं आणि जे बघायचं ते बंद. वेगळं ठेवायचं तर व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्क) आणि फायरवॉलचे (कुणाला कुठे जाऊ द्यायचं याचे) नियम देता येतील असा एकच नीट राउटर घ्या, आणि 'हिशेबाकडून कॅमेऱ्यांकडे जाता येईल, उलट नाही' असा नियम लावा.

तोवर काम भागवायचं असेल तर दोन उपाय आहेत. एक, मागच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग: १.३० च्या अमुक पोर्ट क्रमांकावर आलेलं ०.१०० कडे दे. मग पुढच्या कॉम्प्युटरवर तुम्ही १९२.१६८.१.३० हा पत्ता उघडायचा. एनव्हीआरचा गेटवे मात्र १९२.१६८.०.१ हवाच, कारण त्याला पाठवणारा १.२० दिसणार आहे, आणि तो त्याच्यासाठी बाहेरचा. दोन, फायबर राउटरमध्ये स्टॅटिक रूट: १९२.१६८.०.० मास्क २५५.२५५.२५५.० कडे जायचं तर १९२.१६८.१.३० मार्फत. हे तांत्रिकदृष्ट्या जास्त स्वच्छ. पण मागच्या राउटरच्या फायरवॉलने वॅनकडून आत यायला परवानगी द्यावी लागते, आणि घरगुती राउटरांत ती सोय बऱ्याचदा नसते. कंपनीच्या फायबर राउटरमध्येही स्टॅटिक रूटचं पान कित्येकदा कुलूपबंद असतं. शिवाय यात एक खोच आहे. जाताना पॅकेट १.१ वरून १.३० ला जातं, उत्तर मात्र १.३० वरून थेट तुमच्या कॉम्प्युटरला येतं, कारण दोघे एकाच नेटवर्कमध्ये. १.१ ला अर्धाच संवाद दिसतो, आणि त्याची फायरवॉल कडक असेल तर पुढची पॅकेटं ती टाकून देते. पिंग चालतं, एनव्हीआरचं पान उघडत नाही, अशी चमत्कारिक अवस्था होते. त्यावर उतारा म्हणजे ती ओळ थेट कॉम्प्युटरमध्येच टाकायची: 'राऊट -पी ॲड १९२.१६८.०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.३०'. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि कमांड टाइप करताना अक्षरं व आकडे अर्थातच इंग्रजी.

या तात्पुरत्या उपायांपैकी कुठलाही घेतलात तरी १.३० हा पत्ता फायबर राउटरमध्ये त्या मॅकसाठी राखून ठेवा. तो आत्ता डीएचसीपीने मिळालेला आहे. लाईट गेली-आली, राउटर पुन्हा चालू झाले आणि पत्ता १.३४ झाला, की केलेलं सगळं एका क्षणात बंद पडतं आणि 'काल तर चालत होतं' एवढंच हातात राहतं.

तपासताना दोन गोष्टींनी फसू नका. विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये किंवा एनव्हीआर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्र दिसत नाही म्हणजे ते पोहोचण्याजोगं नाही असं नव्हे. ती शोधाशोध ब्रॉडकास्ट-मल्टिकास्टवर (अनेकांना एकदम हाक मारण्यावर) चालते, आणि ते साधारणपणे राउटर ओलांडत नाही. पत्ता थेट टाकून बघा. दुसरं, काट्याच्या कॉम्प्युटरला दुसऱ्या नेटवर्कमधून पिंग केलं तर वाट बरोबर असूनही उत्तर येणार नाही, कारण विंडोजची फायरवॉल प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये अशा पिंगला बहुधा लोकल सबनेटपुरतीच परवानगी देते. आणि ८.८.८.८ ला पिंग जातंय पण नावाने साइट उघडत नाही, तर गेटवे निर्दोष आहे, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सोय) बघा.

कुपवाडबद्दल. तिथला राउटर उघडून बघा, पैज लावून सांगतो, रेंज १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० चीच निघेल, कारण बहुतेक राउटर कारखान्यातून तशीच येतात. दोन्हीकडे एकच रेंज असताना व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी बोगदा) टाकून उपयोग नाही. सांगलीचा कॉम्प्युटर कुपवाडच्या १९२.१६८.१.६० ला आपल्यातलाच समजणार आणि गेटवेकडे जाणारच नाही. म्हणून एक जागा आधी बदला: सांगली १९२.१६८.२१, कुपवाड १९२.१६८.२२ असं काहीतरी, तिसरी जागा झाली तर २३. वर म्हटलेला मास्कचा घोळ इथे येतो: २५५.२५५.०.० ठेवलात तर २२ सुद्धा आपल्यातलाच वाटेल. आत्ता दुकानातली यंत्रं हलवणारच आहात, तर १९२.१६८.१ मध्ये आणण्याऐवजी थेट २१ मध्येच आणा, काम एकदाच होईल. वर दिलेल्या पत्त्यांत तिसरा आकडा फक्त बदलायचा, आणि फायबर राउटरचा लॅन पत्ता सगळ्यात आधी.

त्याआधी दोन्हीकडच्या राउटरांत वॅनचा पत्ता कोणता आहे ते बघून ठेवा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तो सार्वजनिक पत्ता नाही. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने कंपन्या अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० पासूनचा हा गट राखला गेला. तुमचं पॅकेट तिथे आणखी एकदा नॅट होतं. बाहेर जायला अडचण नाही, पण बाहेरून सुरू झालेलं काही आत येऊ शकत नाही, कारण त्याची कुठे नोंदच नसते. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेत तरी. व्हीपीएनसाठी दोनपैकी निदान एका जागी सार्वजनिक पत्ता हवा. कंपनीकडे स्थिर आयपी मागा, जास्तीचे पैसे पडतात पण व्यवसायाच्या जोडणीवर सहसा मिळतो. एका टोकाला तो असला की वायरगार्डसारखं व्हीपीएन दुसऱ्या टोकाकडून सुरू करता येतं. व्हीपीएन जोडल्यावर दोन्ही राउटरांत ओळी हव्यात: सांगलीत '२२ कडे बोगद्यातून', कुपवाडमध्ये '२१ कडे बोगद्यातून'. एकच टाकलीत तर पॅकेट जाईल आणि उत्तर कुपवाडच्या फायबरवरून भलतीकडे निघून जाईल.

आयपीव्ही६ चं (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचं) ओझरतं सांगतो, कारण तुमच्या जोडणीवर ते चालू असेल. तिथे एआरपी नाही, नेबर डिस्कव्हरी आहे. गेटवे राउटर स्वतः जाहीर करतो, आणि तो एफई८० ने सुरू होणारा पत्ता असतो. 'आयपीकॉन्फिग'मध्ये गेटवेसमोर दोन पत्ते दिसले तर त्यातला एक तो. बिघाड नाही. तिथे सहसा नॅट नसल्याने राउटरची फायरवॉल चालू असल्याची खात्री करा.

हे करूनही एनव्हीआर उघडला नाही तर मला तीन गोष्टी पाठवा: पुढच्या कॉम्प्युटरवरचं 'आयपीकॉन्फिग /ऑल' आणि 'राऊट प्रिंट', त्याच कॉम्प्युटरवरून एनव्हीआरच्या पत्त्याला केलेलं 'ट्रेसआरटी', आणि एनव्हीआरच्या नेटवर्कच्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो, ज्यात पत्ता, मास्क, गेटवे तिन्ही वाचता येतील. पॅकेट कुठल्या राउटरपाशी थांबतंय हे ट्रेसआरटीत दिसेल. ते एनव्हीआरच्या दारापर्यंत जाऊन थांबत असेल, तर उत्तर बहुधा त्या फोटोतच असेल.